नकाशा म्हणजे चित्र की हिशेब? मोजणीसाठी कॅड निवडण्याचा इतिहास



मोजणीचं काम करणारी तरुण मुलं आणि तालुक्याच्या गावी स्वतःचं ऑफिस टाकलेले स्थापत्य अभियंते भेटले की एक प्रश्न हमखास येतो. "सर, कोणतं कॅड घेऊ?" आज मी पडद्यावर तुलनेचा तक्ता दाखवीन असं काही जणांना वाटलं असेल. तक्ता मी आणलेला नाही. असा तक्ता दोन वर्षांत शिळा होतो. पण हा प्रश्न याआधी लोकांनी कसा सोडवला, कुठे फसले, कुठे अडकले, ते शिळं होत नाही. आज तेच बघायचं आहे.

सुरुवात संगणकापासून नको, साखळीपासून करू. १८३०च्या दशकात इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी मोजणी नव्यानं हाती घेतली. त्यांच्या आधी प्रिंगल यांनी केलेली पाहणी फसली होती. पुढे मुंबई इलाख्याची मोजणी याच नव्या पद्धतीवर उभी राहिली. साखळी ३३ फुटांची आणि तिचे १६ आणे. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे १०८९ चौरस फूट, हाच आपला गुंठा. असे ४० गुंठे झाले की एकर. शाळेत आपण हे पाठ केलं, पण हे माप साखळीतून आलंय हे कुणी सांगितलं नाही.

या मोजणीतून दोन वेगळे कागद तयार झाले. एक गाव नकाशा. तो प्रमाणात काढलेला, रेखीव, भिंतीवर लावावा असा. दुसरं टिपण. टिपण दिसायला साधं असतं, प्रमाणातही नसतं. मधे मूळ रेषा, तिच्या डावी-उजवीकडे लंब मापं, आणि प्रत्येक ठिकाणी साखळी-आण्यांत लिहिलेले आकडे. आता मला सांगा, बांधाचा वाद उभा राहिला तर मोजणीदार आधी काय काढतो? टिपण काढतो. नकाशावरची रेघ पेनाच्या टोकाइतकी जाड असते, आणि जमिनीवर तिची जाडी काही फूट भरते. टिपणातला आकडा मात्र आकडाच राहतो. थोडक्यात, नकाशा हे चित्र आणि टिपण हा हिशेब.

ही जोडी डोक्यात ठेवा. आता आपल्याला अमेरिकेत जायचंय, कारण संगणकाच्या जगात हीच जोडी एमआयटी या एकाच संस्थेत जन्माला आली, पण दोन वेगळ्या माणसांच्या हातून.

पहिले चार्ल्स मिलर, स्थापत्य अभियांत्रिकीचे प्राध्यापक. १९५६ साली अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला. ४१,००० मैलांचे रस्ते बांधायचे होते. एवढ्या रस्त्यांची आखणी, भराव-खोदाईचे हिशेब हातानं कोण करणार? मिलर यांनी १९५८ साली सहकाऱ्यासोबत 'डिजिटल टेरेन मॉडेल'ची कल्पना मांडली. जमिनीचा उंचसखलपणा कंटूरच्या रेघांनी न दाखवता सहनिर्देशकांच्या आकड्यांनी साठवायचा. त्याच सुमारास त्यांच्या हाताखाली 'कोगो' तयार झालं. कोगो म्हणजे सहनिर्देशक भूमिती. प्रत्येक बिंदूला नंबर. अमुक नंबरच्या बिंदूपासून इतक्या दिशेनं इतकं अंतर गेलं की पुढचा बिंदू कुठे येतो, या तुकड्याचं क्षेत्रफळ किती, असं मोजणीदाराच्याच बोलीत संगणकाला सांगायचं. पडद्यावर चित्र वगैरे काही नाही. आकडे द्यायचे, आकडे घ्यायचे. म्हणजे हे टिपणच झालं.

दुसरा आयव्हन सदरलँड नावाचा विद्यार्थी. १९६३ साली त्यानं पीएच.डी.साठी 'स्केचपॅड' केलं. टीएक्स-२ या संगणकाच्या पडद्यावर प्रकाश-लेखणीनं रेघा काढायच्या. कॅडचा इतिहास बहुतेक पुस्तकांत इथून सुरू होतो. स्केचपॅडला दोन रेघा समांतर ठेव, काटकोनात ठेव असं सांगता यायचं आणि ते ऐकायचंही. पण मुळात ते चित्राचं यंत्र होतं.

आपल्या धंद्यातल्या कॅडचा पुढचा सगळा इतिहास या दोघांना एका घरात नांदवण्याचा आहे. आणि मंडळी, हा संसार सोपा नव्हता.

ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकात तीन काउंटी कौन्सिलांनी एकत्र येऊन 'मॉस' नावाची प्रणाली उभी केली. एका अर्थानं आपल्याकडच्या तीन जिल्हा परिषदांनी मिळून सॉफ्टवेअर लिहावं तसं. रस्त्याची कड, मधली रेषा, गटार, यातली प्रत्येक गोष्ट म्हणजे त्रिमिती आकड्यांची एक माळ. हिशेब पक्का, चित्र त्यातून निघणार. पण त्यासाठी मोठा संगणक लागायचा, आणि तो खासगी मोजणीदाराच्या आवाक्यातला नव्हता.

मग १९८२ उजाडलं. कॅलिफोर्नियात जॉन वॉकर आणि त्यांच्या साथीदारांनी ऑटोडेस्क काढली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ऑटोकॅड बाजारात आणलं. ते टेबलावरच्या छोट्या संगणकावर चालायचं आणि किंमत मोठ्या प्रणालींच्या मानानं किरकोळ. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर हे सगळं हळूहळू माळ्यावर गेलं. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. स्वस्त झालं ते चित्र. ऑटोकॅडमधल्या रेघेच्या दोन्ही टोकांना सहनिर्देशक असतात, पण ही रेघ कुठल्या ट्रॅव्हर्समधून आली, तो बंद होताना किती चूक राहिली, ते त्या रेघेला माहीत नसतं. चुकून माउसचा धक्का लागून ती हातभर सरकली तरी ती तक्रार करत नाही.

ही उणीव भरायला दुसऱ्या कंपन्या पुढे आल्या. ऑटोकॅडच्या पोटात आपलं सॉफ्टवेअर बसवायचं, बिंदूंचा हिशेब ते सांभाळणार, रेघा ऑटोकॅड काढणार. त्यांत सिव्हिल आणि सर्व्हेच्या कामात पुढे होती न्यू हॅम्पशायरची सॉफ्टडेस्क. दुसरीकडे बेंटली कंपनीचं मायक्रोस्टेशन होतं. अमेरिकेतल्या कित्येक राज्यांच्या रस्ते खात्यांकडे त्याच घराण्याची, डीजीएन फाइलची, व्यवस्था होती. त्या खात्याचं काम घ्यायचं तर नकाशा डीजीएनमध्येच द्यायचा. म्हणजे बघा, निवड मोजणीदारानं केलीच नाही. नकाशा ज्याच्या टेबलावर जाणार होता, त्यानं ती केली. आजही आपल्याकडे टेंडरच्या कागदात "ड्रॉइंग अमुक स्वरूपात द्यावे" एवढी एक ओळ असते, आणि दहा माणसांच्या ऑफिसचा पुढच्या पाच वर्षांचा खर्च त्या ओळीत ठरून जातो.

आता १९९७. मला या इतिहासातलं हे सगळ्यात महत्त्वाचं वर्ष वाटतं. ऑटोडेस्कनं सॉफ्टडेस्क विकत घ्यायचं ठरवलं. पण सॉफ्टडेस्कमध्ये आणखी एक काम चालू होतं. ऑटोकॅडच्याच डीडब्ल्यूजी फाइली उघडणारं स्वतंत्र कॅड, 'इंटेलिकॅड'. खरेदी झाली असती तर भावी स्पर्धक जन्माआधीच संपला असता. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं हरकत घेतली. इंटेलिकॅड दुसऱ्या कंपनीकडे गेलं पाहिजे, या अटीवर खरेदी झाली. पुढे ते व्हिजिओ कंपनीनं घेतलं, आणि नंतर कंपन्यांच्या एका संघाच्या हाती गेलं. आज डीडब्ल्यूजी उघडणारी जी कमी किमतीची सॉफ्टवेअर बाजारात दिसतात, त्यांतल्या अनेकांची वंशावळ तिथवर जाते.

सरकारी आयोगानं रेघा काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये का पडावं? कारण खरा ऐवज रेघांत नव्हता, फाइलीत होता. वीस वर्षांचे नकाशे ज्या फाइलीत अडकलेत, ती फाइल नीट उघडणारं सॉफ्टवेअर एकच असेल, तर किंमत तोच ठरवणार. डीडब्ल्यूजीची अंतर्गत रचना ऑटोडेस्कनं जाहीर केली नव्हती. डीएक्सएफ हे देवाणघेवाणीचं स्वरूप मात्र सुरुवातीपासून जाहीर होतं. १९९८ साली काही कंपन्यांनी 'ओपनडीडब्ल्यूजी' नावाची आघाडी काढून डीडब्ल्यूजी वाचण्याची सोय आपसांत वाटून घेतली. आणि २०१६ साली ऑटोडेस्कनं आपल्या बहुतेक सॉफ्टवेअरचे कायमचे परवाने विकणं थांबवलं, तेव्हा या प्रश्नाची धार पुन्हा जाणवली. वर्गणी थांबली की सॉफ्टवेअर थांबतं. नकाशा तुमचाच असतो, पण तो उघडायचा कशात?

दरम्यान चित्र आणि हिशेब एका घरात आले खरे. २००० नंतरच्या दशकात सिव्हिल ३डी आलं. रस्त्याची मधली रेषा सरकवली की उभा छेद, आडवे छेद, भराव-खोदाईचे घनमीटर सगळं आपोआप बदलतं. मिलर आणि सदरलँड यांचं लग्न लागलं म्हणा! पण अडचणही त्यातूनच आली. असा जिवंत नकाशा साध्या कॅडमध्ये उघडला की रस्त्याचं नुसतं बाहेरचं रूप दिसतं, बऱ्याचदा तेही दिसत नाही, आणि आतला हिशेब मागेच राहतो. त्यावर उतारा म्हणजे लँडएक्सएमएल हे मोकळं स्वरूप. पृष्ठभाग, आखणी, बिंदू हे सगळं साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवता येतं.

या इतिहासाचा आपल्याला आज काय उपयोग? आपल्याच मातीतलं एक उदाहरण देतो. जीपीएसनं मोजणी केली की सहनिर्देशक बहुधा यूटीएममध्ये येतात. पश्चिम महाराष्ट्र ४३व्या पट्ट्यात आहे, त्याची मध्यरेषा ७५ अंश रेखांशावर. ही रेषा अहिल्यानगर जिल्ह्यातून जाते. तिच्यावरचा प्रमाण-गुणक ०.९९९६. म्हणजे पायाखालचं एक किलोमीटर नकाशाच्या जाळीवर सुमारे ४० सेंटिमीटर कमी भरतं. त्यातच जमीन समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटर उंच असेल तर आणखी दहा सेंटिमीटर घटतात. टोटल स्टेशननं मोजलेला बांध आणि जीपीएसचा बांध एकाच ड्रॉइंगमध्ये जसेच्या तसे टाकले तर ते जुळणार नाहीत. दोन्ही मोजणीदार प्रामाणिक, दोन्ही यंत्रं चांगली, आणि भांडण शेजाऱ्या-शेजाऱ्यांत. पुढे ७८ अंशावर पट्टाच बदलतो. अमरावती ४३व्या पट्ट्यात, नागपूर ४४व्या. या दोन शहरांमधल्या रस्त्याचं काम करणाऱ्याच्या सॉफ्टवेअरला हे कळायला नको का?

म्हणून "कोणतं कॅड घेऊ?" या प्रश्नाऐवजी तीन प्रश्न विचारा. एक, माझा नकाशा कोणाच्या टेबलावर जाणार आहे आणि तिथे काय उघडतं? दोन, हे सॉफ्टवेअर हिशेब जाणतं की नुसतं चित्र? तीन, उद्या हे सोडायचं ठरवलं तर माझे आकडे बाहेर कसे काढणार?

आणि विकत घेण्याआधी, चाचणीच्या मुदतीत, एक काम स्वतः करा. स्वतः मोजलेला, ज्याची बंद होतानाची चूक तुम्हाला ठाऊक आहे असा एखादा जुना ट्रॅव्हर्स त्यात घाला. चूक तेवढीच दाखवतं का बघा. मग तेच काम लँडएक्सएमएल, डीएक्सएफ आणि बिंदूंच्या साध्या मजकूर-यादीत बाहेर काढा आणि दुसऱ्या कुठल्या तरी सॉफ्टवेअरमध्ये उघडा. क्षेत्रफळ गुंठ्यापर्यंत जुळलं तर पुढे किमतीचं बोला. नाही जुळलं तर विक्रेत्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

शेवटी एक विनंती. काम संपलं की बिंदूंची यादी, कोणतं जाळं आणि कोणता गुणक वापरला त्याची नोंद, हे एका कागदावर छापून फाइलीला लावत जा. जुन्या मोजणीदारांचं टिपण वाचायला आपल्याला कुठलाही परवाना लागत नाही. आपल्यानंतर त्याच बांधावर जो उभा राहील, त्यालाही तो लागू नये.

आता तुमचे प्रश्न घेऊ.