कामावर घेताना मालक काय पाहतो? गिरणीपासून गोदामापर्यंत

भिवंडीजवळच्या काल्हेर, कशेळी, राहनाळ, माणकोली, दापोडे या गावांत पूर्वी भाताची खाचरं होती. आज तिथे गोदामं उभी आहेत आणि आपल्या लेकीसुना तिथे माल भरायला, पॅकिंग करायला जातात. गेटवर आधारकार्ड बघतात, दोनचार प्रश्न विचारतात, एकीला आत घेतात आणि दुसरीला ‘नंतर या’ म्हणतात. घेणारा नेमकं काय बघतो? ते कळायला आपल्याला थोडं मागे, मुंबईच्या गिरण्यांपर्यंत जावं लागेल.

मुंबईत पहिली कापडगिरणी १८५० च्या दशकात सुरू झाली. पुढे कोकणातून आणि घाटावरून हजारो माणसं गिरणगावात आली. तेव्हा मुलाखत नव्हती, अर्जही नव्हता. मालकाला कामगाराचं तोंडही माहीत नसे. माणसं निवडायची ती जॉबरनं, म्हणजे मुकादमानं. तो बघायचा ते हे, की माणूस कोणत्या गावचा, कुणाच्या ओळखीनं आला आणि दस्तुरी किती देतो. दस्तुरी म्हणजे काम लावून दिल्याबद्दल घेतलेले पैसे. हात किती चालतो, हा प्रश्न त्यानंतरचा.

बायका मुख्यतः सूत गुंडाळायच्या खात्यांत असत. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांत एक बाई होती. त्यांना कामावर घ्यायची ती नायकीण. ती आपल्यातलीच, तशाच चाळीत राहणारी. नव्या बाईला काम शिकवणारी तीच, अडीनडीला उभी राहणारी तीच, आणि दस्तुरी घेणारीही तीच. तिची मर्जी गेली की काम गेलं.

१९२९ मध्ये सरकारनं व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली कामगारांविषयी एक आयोग नेमला. १९३१ च्या अहवालात त्यानं सांगितलं, की भरतीचे अधिकार जॉबरच्या हातून काढा आणि त्यासाठी वेगळा अधिकारी नेमा. १९३५ साली मुंबईच्या गिरणीमालकांनी बदली कामगारांसाठी कार्डं सुरू केली. कार्डवाल्यानं रोज सकाळी गेटवर हजर राहायचं, जागा असेल तर काम, नसेल तर परत घरी. आता ओळखीच्या जोडीला हजेरी आली. जो रोज येतो तो भरवशाचा, असं गणित झालं.

हे गणित बायकांना जड गेलं. रात्रपाळीत बायकांना ठेवायला कायद्यानं बंदी होती. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. कायदे आपल्या भल्याचेच होते, पण मालक त्यांकडे बोट दाखवून म्हणू लागले, की बाई ठेवणं परवडत नाही. नवी यंत्रं आली तेव्हा आधी बायकांचीच खाती आकसली. वर्षामागून वर्षं गिरणीतल्या बायका कमी होत गेल्या.

आता भिवंडीकडे या. उत्तर प्रदेशातून आलेल्या मोमीन विणकरांनी इथे हातमाग आणले, आणि वीज आल्यावर हातमागांची जागा यंत्रमागांनी घेतली. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार संपात होते, आणि त्या काळात गिरण्यांचं बरंच कापड भिवंडीच्या मागांवर विणलं गेलं. इथली भरतीही ओळखीचीच. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातला माणूस आपल्या गावचा माणूस घेऊन यायचा. पाळी बारा तासांची, मजुरी मीटरवर. अनेक मालक कारखाना कागदावर लहान लहान तुकड्यांत दाखवत, म्हणजे १९४८ चा कारखाना कायदा लागूच होऊ नये. बायकांच्या वाट्याला कांड्या भरणं आणि धागे कापणं आलं. हे काम बारीक नजरेचं. पण ‘बायकांना ते जमतंच’ असं म्हणून त्याला कसब धरलं नाही, आणि कसब नाही म्हणून दरही वाढला नाही.

गोदामं आली ती जकातीमुळे. मुंबईत माल नेला की जकात लागे, म्हणून व्यापाऱ्यांनी तो शहराबाहेर ठेवायला सुरुवात केली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, गोदामं मात्र वाढतच राहिली. आज तिथे घेताना इंग्रजी अक्षरं आणि आकडे वाचता येतात का, स्कॅनर धरता येईल का, हे बघतात. त्यासोबत जुनेच प्रश्न असतात: कुणाच्या ओळखीनं आलात, रोज याल का, मूल लहान आहे का. आणि बरेचदा घेणारा मालक नसतो, ठेकेदार असतो.

म्हणून मैत्रिणींनो, आपणही विचारायला शिकू या. पगार कोण देणार, ठेकेदार की कंपनी? बँकेत की रोख? भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय कापणार का, आणि त्याचा नंबर कधी मिळणार? रात्री उशीर झाला तर गाडी आहे का? तक्रार समिती कुठे आहे? दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे २०१३ च्या कायद्यानं ती असायलाच हवी. आणि नेमणुकीचा कागद मागा. लिहिणं-वाचणं येत असेल, कांड्या भरल्या असतील, गटाचे हिशेब ठेवले असतील, तर तेही न लाजता सांगा. ते कसबच आहे.

एक गोष्ट गटात जरूर बोला. उद्या एखादा ठेकेदार आपल्यातल्या एकीला म्हणेल, ‘गावातून दहा बायका आणा, माणशी इतके देतो.’ तिनं ते पैसे घ्यावेत का? घेतले तर गटाला सांगावं का? एखादीला काढून टाकलं तर ती कुणाच्या बाजूनं उभी राहील? नायकिणीपुढेही हाच पेच होता, पण ती एकटी होती आणि तिला जाब विचारणारं कुणी नव्हतं. आपल्याकडे गट आहे, वही आहे, महिन्याची बैठक आहे. कोण कुणाच्या ओळखीनं कामाला लागली, ठेकेदाराचं नाव काय, ठरलेला पगार किती आणि हातात आला किती, हे त्याच वहीत लिहायला पुढच्या बैठकीपासून सुरुवात करू या.