तळटीप : ‘डॅफ्निया कसोटी’

मूळ मजकुरातील ‘डॅफ्निया कसोटी’ म्हणजे खाणीचे सांडपाणी पातळ न करता त्यात डॅफ्निया मॅग्ना हे गोड्या पाण्यातले, काही मिलिमीटर लांबीचे कवचधारी जीव ४८ तास ठेवून त्यांतले किती मरतात ते मोजणे. कॅनडात निम्म्याहून अधिक मेले, तर ते पाणी तीव्र घातक ठरते. तिथल्या २००२च्या नियमांत ही अट इंद्रधनुषी ट्राउट माशापुरती (९६ तास) होती. २०२१पासून ती डॅफ्नियालाही लागू झाली. तांबे, जस्त, निकेल यांचे प्रमाण प्रयोगशाळेत मोजता येत असताना हा खटाटोप कशाला, असा आक्षेप घेतला जातो. पण रासायनिक तपासणी जे शोधायला सांगितले तेवढेच शोधते; अनेक धातूंचा एकत्रित परिणाम, किंवा पाणी सुफेन की दुष्फेन यानुसार बदलणारा तांब्याचा जहालपणा, जिवंत शरीरच दाखवते. हा जीव त्या नदीतला नसेल, हा दुसरा आक्षेप रास्त आहे. मात्र कसोटी नदीचे चित्र काढत नाही, सर्व खाणींना एकच माप लावते. तिची खरी मर्यादा वेगळी : ४८ तास तगलेला जीव पुढे वाढेल, पिले देईल, याची हमी ती देत नाही. म्हणून ‘उत्तीर्ण’चा अर्थ ‘निर्धोक’ असा घेऊ नये. — संपादक