पीएच मापक्रम व लिंबूरसाची अम्लता

विद्रावाची अम्लता वा क्षारकता हायड्रोजन आयनांच्या (विद्युत् भारित अणूंच्या) संहतीवरून दर्शविणाऱ्या अंकश्रेणीस पीएच मापक्रम म्हणतात. लिंबूरसाचा आंबटपणा माणसास प्राचीन काळापासून परिचित असला, तरी त्याचे अचूक मापन विसाव्या शतकातच शक्य झाले.

स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ कार्ल व्हिल्हेल्म शेले (१७४२–८६) यांनी १७८४ मध्ये लिंबाच्या रसापासून स्फटिकरूप सायट्रिक अम्ल वेगळे केले. त्यानंतर अनुमापनाने रसातील एकूण अम्ल ठरविता येऊ लागले. परंतु सायट्रिक अम्ल दुर्बल असल्याने त्याच्या थोड्याच रेणूंपासून हायड्रोजन आयन मुक्त होतात. म्हणून एकूण अम्ल आणि प्रत्यक्ष क्रियाशील अम्लता या दोन भिन्न राशी ठरतात. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ एस. पी. एल. सोरेन्सन (१८६८–१९३९) यांना कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एंझाइमांवर संशोधन करताना या दुसऱ्या राशीची गरज भासली. अतिसूक्ष्म संहती सुटसुटीत अंकांत मांडण्यासाठी त्यांनी १९०९ मध्ये पीएच मापक्रम सुचविला. त्यात २५° से. तापमानास शुद्ध पाण्याचे मूल्य ७ असते. लिंबूरसाचे मूल्य सामान्यतः २ ते ३ असते. एका अंकाचा फरक म्हणजे संहतीत दहापट फरक. त्यामुळे पीएच २ असलेल्या रसात शुद्ध पाण्याच्या सुमारे एक लाख पट हायड्रोजन आयन असतात.

मापक्रम मिळाला, तरी मापनाची अडचण संपली नाही. कॅलिफोर्नियातील लिंबू उत्पादकांच्या सहकारी संघाला रसाची अम्लता वारंवार तपासावी लागे. मात्र रस टिकविण्यासाठी वापरलेल्या सल्फर डाय-ऑक्साइडामुळे लिटमसचा रंग उडे व हायड्रोजन विद्युत् अग्र निकामी होई. काचेचे विद्युत् अग्र या वायूला दाद देत नसे. पण त्यातून मिळणारा प्रवाह इतका क्षीण असे की, त्याच्या मापनासाठी पातळ व नाजूक काच आणि अतिसंवेदी विद्युत् प्रवाहमापक वापरावे लागत.

संघाचे रसायनज्ञ ग्लेन जोसेफ यांनी ही अडचण आपले महाविद्यालयीन सहाध्यायी आर्नल्ड बेकमन (१९००–२००४) यांच्यापुढे मांडली. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत अध्यापन करणाऱ्या बेकमन यांनी १९३४ मध्ये निर्वात नलिकांचा विवर्धक जोडून क्षीण संकेत वाढविला. परिणामी जाड व टिकाऊ काच वापरणे शक्य झाले. विद्युत् अग्र, विवर्धक व दर्शक तबकडी एकाच पेटीत सामावलेले हे उपकरण १९३५ पासून विक्रीस आले आणि १९३६ मध्ये त्याचे एकस्व मिळाले.

सोरेन्सन यांचा मापक्रम सुमारे पंचवीस वर्षे मुख्यतः प्रयोगशाळांपुरताच राहिला होता. लिंबूरसाच्या व्यापारी गरजेतून निर्माण झालेल्या या उपकरणामुळे तो मृदा, पाणी, दूध, रक्त व औषधे यांच्या नित्य परीक्षणात रुळला. तथापि फळाची प्रत ठरविताना केवळ पीएच मूल्य पुरेसे नसते; रसातील एकूण अम्लासाठी अनुमापन आजही करावे लागते.