४४,१०० आला कुठून?

बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आहे: लॉसलेस प्लॅन घेतला, आता महागडा डॅक घेऊ का? थोडा इतिहास ऐका, मग ठरवा.

ॲपमध्ये ४४.१ किलोहर्ट्झ असं दिसतं ना? माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं. त्याच्या दुपटीहून जास्त नमुने घेतले की पुरे. मग सरळ ४५ का नाही? कारण १९७० च्या दशकात डिजिटल आवाज साठवायला सोयीची वस्तू एकच होती, व्हिडिओ टेप. चित्राच्या रेषांमध्येच आवाजाचे आकडे भरायचे. भन्नाट जुगाड! सेकंदाला ६० फील्ड, प्रत्येकात कामाच्या २४५ रेषा, रेषेत ३ नमुने. युरोपात ५०, २९४ आणि ३. करा गुणाकार, दोन्हीकडे ४४,१००! १९८२ मध्ये सीडी याच आकड्यावर बाजारात आली.

सीडीत सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट असतात. नेट हळू होतं तेव्हा आपण १२८ च्या एमपीथ्रीवर भागवलं. म्हणजे आजचं लॉसलेस आपल्याला मुख्यतः १९८२ च्या जागी परत आणतं. त्यात गाणं साध्या ब्लूटूथवरून गेलं की पुन्हा दाबलं जातंच.

म्हणून आधी वायर लावा, स्वस्त डोंगलही चालतो. उरलेले पैसे स्पीकरमध्ये घाला. मी तेच केलं. बाबा आता भीमसेनजी लावतात आणि मधेच हात वर करून सगळ्यांना गप्प करतात: "थांबा रे, तानपुरा ऐका."