तारे किती, खरे किती?

अमेरिकेत फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन धावायचे, तो फेकायचा, झेलायचा आणि समोरच्याला अंगाने अडवायचे, असा तो अकरा-अकरा जणांचा धसमुसळा खेळ आहे. त्यातील व्यावसायिक संघांकडे जाणारा रस्ता महाविद्यालयांतून जातो. चांगल्या खेळाडूला महाविद्यालय शिष्यवृत्ती देते. तीत फी, राहणे, जेवण असे सारे येते. त्या देशात दरवर्षी सुमारे दहा लाख मुले माध्यमिक शाळांच्या संघांतून हा खेळ खेळतात. वरच्या श्रेणीच्या महाविद्यालयांत दरवर्षी नव्याने मिळणाऱ्या शिष्यवृत्त्या मात्र जेमतेम काही हजार. मग निवड करायची कशी?

या प्रश्नातून तिथे मुलांना ‘तारे’ देण्याची पद्धत रूढ झाली. सर्वांत होतकरू मुलाला पाच तारे, त्याखालच्याला चार, तीन, दोन. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचे पुढे काय होईल, याचे भाकीत एका आकड्यात बसवायचा हा प्रयत्न आहे. रोज गुण देणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्याचा इतिहास जाणून घ्यावा, असा तो आहे.

महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या राष्ट्रीय संघटनेने १९५६ साली खेळासाठीच्या शिष्यवृत्त्यांना देशभर मान्यता दिली. १९६३पासून ‘परेड’ हे साप्ताहिक देशातील उत्तम शालेय खेळाडूंची यादी दरवर्षी छापू लागले. सत्तरच्या दशकात काही हौशी माणसे या कामात उतरली. फोर्ड मोटार कंपनीत नोकरी करणारे जो टेरानोव्हा फावल्या वेळात याद्या करीत. शिकागोचे टॉम लेमिंग मोटारीने गावोगाव फिरून मुलांना भेटत. १९९८ साली ‘रायव्हल्स’ ही इंटरनेट कंपनी निघाली आणि तारे घरोघरी पोचले. तिच्यासारख्या कंपन्यांचे वर्गणीदार होते मोठ्या विद्यापीठांच्या संघांचे चाहते. हौशी माणसाची वही आता बाजारातला माल झाली होती.

या पद्धतीतला पहिला दोष यादी करण्याच्याही आधी सुरू होतो. ज्याला कोणी पाहिलेच नाही, त्याला गुण कोण देणार? दक्षिणेकडील मोठ्या विद्यापीठांच्या ‘साउथईस्टर्न कॉन्फरन्स’ या गटात पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू मैदानात उतरला तो १९६७ साली. त्याआधी कृष्णवर्णीय मुले कितीही चांगली खेळली, तरी त्या विद्यापीठांच्या दृष्टीने ती नव्हतीच. मिसिसिपीतला वॉल्टर पेटन शाळा संपवून जॅक्सन स्टेट या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात गेला. १९७५ साली व्यावसायिक संघांनी नव्या खेळाडूंची निवड केली, तेव्हा त्याचा क्रमांक देशात चौथा होता.

वर्णभेदाचे नियम गेले, तरी न दिसण्याचा प्रश्न संपला नाही. कॅलिफोर्नियातील फायरबॉ या शेतीच्या गावातला जॉश ॲलन २०१४ साली शाळेतून बाहेर पडला, तेव्हा त्याच्या नावापुढे एकही तारा नव्हता. त्याने एका लहान कॉलेजात वर्ष काढले आणि देशभरच्या प्रशिक्षकांना ई-मेल पाठवले. अखेर वायोमिंग विद्यापीठाने त्याला घेतले. २०१८च्या निवडीत तो सातवा होता आणि २०२४च्या हंगामात व्यावसायिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

दुसरा दोष मोजमापाचा. मुलांना ४० यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर, पळवून वेळ घेतात. हाती घड्याळ धरणारा माणूस धावणारा हललेला पाहतो आणि मग कळ दाबतो. त्यात थोडा वेळ जातो. शेवटची रेघ मात्र त्याला आधीपासून दिसत असते, म्हणून तिथे बोट वेळेवर पडते. परिणामी हाताने घेतलेली वेळ विजेच्या उपकरणाने घेतलेल्या वेळेपेक्षा बहुधा सेकंदाच्या एक-दोन दशांशांनी कमी भरते. इथे दोन प्रकारच्या चुका वेगळ्या ओळखता येतात. कधी थोडे जास्त, कधी थोडे कमी भरणे ही यादृच्छिक चूक. पुष्कळदा मोजले की सरासरीत ती विरते. नेहमी एकाच बाजूला झुकणे ही पद्धतशीर चूक, म्हणजेच पूर्वग्रह. शंभर वेळा मोजले तरी ती जात नाही. शाळेच्या मैदानावर दोन घड्याळे घेऊन हा फरक विद्यार्थ्यांना दाखवता येईल. एक घड्याळ धावणारा हलताच सुरू करायचे आणि दुसरे इशारा होताच. वेळेतला फरक कुठून येतो, ते त्यांनाच शोधू द्यावे.

तिसरा दोष माणसाच्या मनातला. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२० साली एक निरीक्षण प्रसिद्ध केले. सैन्यातील अधिकारी हाताखालच्या माणसांना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य अशा गुणांसाठी वेगवेगळे शेरे देत. पण एका गुणात वर असलेला माणूस जवळपास सगळ्याच गुणांत वर दिसे. थॉर्नडाइकने या चुकीला देवादिकांच्या मस्तकामागील तेजोवलयाचे नाव दिले. उंच, धिप्पाड मुलगा पाहिला की त्याची खेळाची समजही चांगली वाटू लागते, ती याच कारणाने.

चौथा दोष अधिक फसवा आहे, कारण तो सुधारणेच्या रूपात येतो. एकाचे मत चुकेल, म्हणून पुष्कळांची सरासरी घ्यावी, ही कल्पना जुनी आहे. १९०७ साली फ्रान्सिस गाल्टन यांनी इंग्लंडमधील प्लिमथच्या प्रदर्शनातील स्पर्धेची हकिकत छापली. एका बैलाचे मांस किती पौंड भरेल, याचे ७८७ लोकांनी अंदाज केले होते. त्यांचा मध्यक निघाला १२०७ आणि खरे वजन होते १९९८ नव्हे, तर ११९८! २०१० साली सुरू झालेल्या ‘२४७ स्पोर्ट्स’ या कंपनीनेही निरनिराळ्या संस्थांचे गुण एकत्र करून एकच गुण देण्यास सुरुवात केली. पण गाल्टनच्या स्पर्धकांनी आपापल्या चिठ्ठ्या एकमेकांना न विचारता भरल्या होत्या. तारे देणारे एकमेकांच्या याद्या पाहतात. शिवाय अमुक मोठे विद्यापीठ एखाद्या मुलाच्या मागे लागले, असे कळताच त्याचा तारा वाढतो, अशी तक्रार तिथे नेहमीची आहे. अशा वेळी चौघांचे एकमत म्हणजे चार साक्षी नव्हेत. ती एकच साक्ष चार वेळा नोंदलेली असते. अध्यापनशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर येथे विश्वसनीयता वाढलेली दिसते, पण त्यामुळे सप्रमाणता वाढली असे म्हणता येत नाही.

मग तारे खोटेच का? तसे नाही. पाच तारेवाल्यांतून व्यावसायिक खेळाडू निघण्याचे प्रमाण तीन तारेवाल्यांपेक्षा खूपच जास्त असते. तरीही व्यावसायिक संघांत तीन आणि दोन तारेवाले मोठ्या संख्येने आढळतात. जे. जे. वॉट याला दोनच तारे होते, पण पुढे तो तीनदा वर्षाचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. यातला विरोधाभास गणिताने सुटतो. समजा, पाच तारेवाले ३० आहेत आणि त्यांतले निम्मे यशस्वी झाले, तर झाले १५. तीन तारेवाले १५०० आहेत आणि त्यांतले शंभरांत फक्त सहा यशस्वी झाले, तर झाले ९०. गटाविषयीचे भाकीत खरे ठरले, पण त्यातून एकेका मुलाविषयी फार थोडे कळले.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. ‘२४७ स्पोर्ट्स’ने पाच ताऱ्यांसाठी ३२ ही संख्या धरली, ती व्यावसायिक निवडीच्या पहिल्या फेरीत ३२ जागा असतात म्हणून. तेव्हा तेहतिसाव्या मुलाला चार तारे मिळाले, तर त्याच्यात आणि बत्तिसाव्यात खरोखर काही फरक असेलच असे नाही. फरक रेघेने केलेला असतो.

भाकीत करणारा हवामानतज्ज्ञ पाऊस पाडत नाही. तारे देणारा मात्र काही अंशी पाडतो. ज्याला तारे मिळाले, त्याला चांगले प्रशिक्षक, चांगला सराव, जास्त संधी मिळतात. २०२१पासून महाविद्यालयीन खेळाडूंना आपल्या नावावर पैसे मिळवण्याचीही मुभा झाली. बॅरी स्टॉ आणि त्यांच्या सहकारी होआंग यांनी १९९५ साली बास्केटबॉलच्या व्यावसायिक लीगचा अभ्यास प्रसिद्ध केला. निवडीत वरचा क्रमांक मिळालेल्या खेळाडूंना मैदानात जास्त वेळ मिळत होता, आणि प्रत्यक्ष खेळ सारखा असला तरीही हा फरक उरत होता. म्हणजे पहिला अंदाज पुढे वर्षानुवर्षे त्या खेळाडूच्या बाजूने बोलत राहिला.

उपाय साधे आहेत, पण ते पाळायला कष्ट पडतात. दुसऱ्याचे गुण पाहण्याआधी आपले लिहून ठेवावेत. सगळ्या मुलांचा एक गुण तपासून झाल्यावरच दुसऱ्या गुणाकडे वळावे. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यातही सर्वांचा पहिला प्रश्न आधी तपासला, तर पहिल्या उत्तराचे तेजोवलय दुसऱ्यावर पडत नाही. आणि आपण केलेली भाकिते तारखेसह जपून ठेवून काही वर्षांनी ताडून पाहावीत. जूनमध्ये वर्गातल्या ज्या मुलाच्या नावापुढे आपण मनातल्या मनात ‘बेताचा’ असे लिहितो, त्याला मार्चपर्यंत आपण किती वेळा फळ्याजवळ बोलावले, हे मोजले, तर त्या शेऱ्यातला किती भाग भाकिताचा आणि किती आपल्या करणीचा, हे कळू लागेल.