कॉर्नेलिया सोराबजींवरचा एकतर्फी हुकूमनामा

कॉर्नेलिया सोराबजी नाशिकच्या. जन्म 15 नोव्हेंबर 1866. वडील रेव्हरंड सोराबजी खरसेटजी पारशी घरातून ख्रिस्ती झालेले, चर्च मिशनरी सोसायटीचे पाद्री. आई फ्रान्सिना पुढे पुण्यात शाळा चालवून नावारूपाला आल्या. घर अँग्लिकन, बोलणेचालणे इंग्रजी वळणाचे. नाशिकमध्ये हे नाव काढले तर बहुतेकांना ठाऊक नसते, आणि ज्यांना ठाऊक असते त्यांचा निकाल आधीच लागलेला असतो: बाई हुशार होत्या, पण इंग्रजांच्या होत्या. पुढे बोलायचे कारण उरत नाही.

खंडनाला हात घालण्याआधी पूर्वपक्ष त्याच्या पुऱ्या ताकदीनिशी मांडायचा, ही आपल्याकडची जुनी शिस्त. या बाबतीत पूर्वपक्ष मुळीच दुबळा नाही. बाईंनी स्वराज्याच्या मागणीला विरोध केला. 1927 साली कॅथरीन मेयोचे, इथल्या स्त्रियांच्या स्थितीवर बोट ठेवून देशाची स्वराज्याची लायकी नाकारणारे ‘मदर इंडिया’ आले, देशभर संतापाची लाट उसळली, गांधीजींनी त्या पुस्तकावर कठोर टीका केली. कॉर्नेलियाबाई मेयोच्या बाजूने उभ्या राहिल्या. गांधींच्या राजकारणाविरुद्ध त्यांनी परदेशी वाचकांसाठी लिहिले. ज्या 1909 च्या डिसेंबरात नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्याच वर्षी सरकारने बाईंना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. अखेरची वर्षे लंडनमध्ये गेली आणि 6 जुलै 1954 रोजी त्या तिथेच वारल्या. अभिनव भारताच्या गावाने, काळाराम सत्याग्रहाच्या गावाने अशा बाईची आठवण का म्हणून जपावी?

यातला एकही तपशील मला नाकारायचा नाही. माझा आक्षेप निकालाच्या पद्धतीवर आहे. आयुष्य 1927 पासून मागे वाचले जाते. मेयोप्रकरणी बाई साठी ओलांडलेल्या होत्या. त्याआधीची चाळीस वर्षे त्या प्रकरणाची प्रस्तावना म्हणून वाचली, तर साऱ्याच गोष्टींना फितुरीचा वास येऊ लागतो. ती चाळीस वर्षे जशी घडली तशी, पुढून वाचून पाहू.

डेक्कन कॉलेजातून त्या उत्तम रीतीने उत्तीर्ण झाल्या, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर ठरल्या. त्या गुणवत्तेवर विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती पुरुषाला मिळाली असती. बाईंना ती नाकारली गेली, कारण त्या बाई होत्या. नाकारणारे सरकार इंग्रजांचेच. मग अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात शिकवणे, विलायतेतल्या हितचिंतकांनी गोळा केलेला पैसा, 1889 साली ऑक्सफर्डचे सोमरव्हिल. 1892 मध्ये त्यांच्यासाठी विद्यापीठाने खास ठराव केला तेव्हा कुठे त्यांना बी.सी.एल. या कायद्याच्या पदवीच्या परीक्षेला बसता आले. ती देणारी ही पहिली स्त्री. पदवी मात्र हातात पडली 1922 साली, तीस वर्षांनी. इकडे येऊन मुंबईची एलएल.बी. केली, अलाहाबाद हायकोर्टाची परीक्षा दिली, तरी वकील म्हणून नोंद होईना. अलाहाबादने दार उघडले ते 1921 साली, आणि देशभरच्या स्त्रियांची आडकाठी दूर झाली ती 1923 च्या कायद्याने. तोवर बाईंचे उमेदीचे वय उलटून गेले होते. सरकारची लाडकी म्हणावे अशी ही कारकीर्द दिसते का?

मधली वर्षे त्यांनी ज्या कामात घातली त्याची आपल्या लेखनात एका ओळीत बोळवण होते. माझ्या मते सारे मर्म तिथेच आहे.

ते काम गोषातल्या, म्हणजे पडद्यात राहणाऱ्या बायकांचे. त्यांचा प्रश्न महाराष्ट्रातल्या वाचकाला थोडा उलगडून सांगावा लागतो. आपल्याकडे मिताक्षरा चाले. एकत्र कुटुंबातला नवरा मेला की त्याचा हिस्सा उरलेल्या भाऊबंदांकडे जाई आणि विधवेच्या वाट्याला पोटगी येई. बंगालात दायभाग. तिथे निपुत्रिक विधवेला एकत्र कुटुंबातलाही नवऱ्याचा हिस्सा तिच्या हयातीपुरता मिळे. म्हणजे कागदोपत्री ती जमीनदारीण. पण ती पडद्याआड. परका पुरुष तिच्यासमोर येऊ शकत नाही, तिला कचेरीत जाता येत नाही, वाचता येईलच असे नाही. मालमत्ता तिच्या नावावर आणि किल्ल्या दिवाणाकडे, दिराकडे, गुमास्त्याकडे. कोऱ्या कागदावर अंगठा घ्यायला यापेक्षा सोयीची जागा नाही. प्रिव्ही कौन्सिलने याला उतारा म्हणून तत्त्व घालून दिले होते की गोषातल्या स्त्रीने केलेला दस्त तिला समजावून सांगितला होता, तिला स्वतंत्र सल्ला मिळाला होता, हे दस्ताचा फायदा घेणाऱ्याने सिद्ध करावे. तत्त्व नामी. पण तो स्वतंत्र सल्ला देणार कोण? वकील सारे पुरुष, आणि पडद्याच्या आत जायला पुरुषाला मज्जाव. कायद्याने दिलेले संरक्षण दाराशीच अडत होते.

ही फट कॉर्नेलियाबाईंनी हेरली. कायदा जाणणारी स्त्री सरकारने या कामी नेमावी, म्हणून त्यांनी विलायतेत अर्ज केले, वर्तमानपत्रांतून लिहिले. 1904 साली कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे, म्हणजे अशा मालमत्तांची देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याकडे, त्यांची नेमणूक झाली आणि कार्यक्षेत्र बंगाल, बिहार, ओरिसा, आसाम असे पसरले. होडीने, पालखीने, प्रसंगी हत्तीवरून त्या राजवाड्यांत आणि जमीनदारांच्या घरांत पोचत. तंटे दत्तकाचे, पोटगीचे, अज्ञान वारसाच्या ताब्याचे, कुलोपाध्यायाच्या दक्षिणेचे. कुठे विधवेची पोटगी बंद झालेली, कुठे पोराला विष घातले जाईल या धास्तीने आई झोपत नाही. वारस मुलांचे शिक्षण, मुलींचे आजार, जनान्यातली अस्वच्छता हेही त्यांच्याच गळ्यात. सहाशेच्या वर स्त्रिया आणि मुलांना त्यांची मदत झाली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. 1922 मध्ये त्या निवृत्त झाल्या. या काळात त्या सरकारी नोकर होत्या हे खरेच. पण ज्या बायकांची बाजू त्या मांडत होत्या त्यांना दुसरा वकील नव्हता. राष्ट्रीय पक्षाकडे त्या काळी या बायकांसाठी कोणती योजना होती, हा प्रश्न पूर्वपक्षवाल्यांनी स्वतःला एकदा विचारावा. विधवेच्या वारसाहक्काचा कायदा डॉ. गोपाळराव देशमुखांनी पुढे आणला तो 1937 साली.

दुसरा मुद्दा उघडपणे क्वचितच बोलला जातो, पण निकालाच्या तळाशी तोच असतो: ख्रिस्ती म्हणून इंग्रजांच्या, आणि त्यातही इंग्लंडच्या राजाच्या चर्चच्या. हे प्रमेय पुढे ठेवले की ते आपोआप कोसळते. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडात वाँटेजला अँग्लिकन बाप्तिस्मा घेतला. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे मुंबई आणि लाहोरच्या बिशपांचे मत पडले, तेव्हा रमाबाईंनी पत्रांतून असा विरोध केला की त्यांच्या धर्मगुरू हितचिंतकांना घाम फुटला. त्याच रमाबाई 1889 च्या मुंबई काँग्रेसला प्रतिनिधी म्हणून बसल्या, आणि 1897 च्या प्लेगात पुण्याच्या सरकारी बंदोबस्तावर त्यांनी अशी टीका केली की गव्हर्नर सँडहर्स्टला खुलासा करावा लागला. गांधींचे जिवलग सी. एफ. अँड्र्यूज याच चर्चचे पाद्री. नारायण वामन टिळकांच्या देशभक्तीबद्दल तर नाशिकला सांगायची गरज नाही. एकाच धर्मातून इतकी वेगळी राजकारणे निघत असतील, तर कॉर्नेलियाबाईंच्या राजकारणाचे कारण बाप्तिस्म्याच्या दाखल्यात शोधणे हा निव्वळ आळस आहे. ते त्यांच्या स्वभावात, मैत्र्यांत आणि संस्थानिक-जमीनदारांच्या सहवासात शोधावे लागेल.

जाता जाता एक गोष्ट. लक्ष्मीबाई टिळकही ख्रिस्ती, त्याही नाशिक भागातल्या. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग 1934 साली निघाला आणि कॉर्नेलियाबाईंचे ‘इंडिया कॉलिंग’ त्याच वर्षी लंडनला. लक्ष्मीबाईंना आपण डोक्यावर घेतले, आणि योग्यच केले. पण त्या मराठीत लिहीत होत्या, हसवत होत्या, आणि त्यांच्या हाती सत्ता नव्हती. ज्या स्त्रीच्या हाती अधिकार आहे आणि जी आपल्याला हसवत नाही, तिच्याशी न्यायाने वागणे आपल्याला जड जाते, असा माझा संशय आहे.

आता उलट बाजूची चूक. गेल्या काही वर्षांत बाईंचे पुनर्वसन झाले आहे: 2012 मध्ये लंडनच्या लिंकन्स इनमध्ये अर्धपुतळा, 2017 मध्ये गूगलचे डूडल, आणि दर नोव्हेंबरात ‘पहिली भारतीय महिला वकील’ अशी पोस्टर्स. हीही मला पक्षपाताचीच रीत वाटते. त्यात बाईंना ऑक्सफर्डला तिसरा वर्ग मिळाला हे येत नाही. कलकत्त्यात नोंद झाल्यावर वकिली फारशी बहरली नाही हे येत नाही. मेयो तर गायबच. ‘पहिली’ म्हटले की पुढचे वाचायची गरज संपते. ‘इंग्रजांची’ म्हटल्यावर संपते, अगदी तशीच.

मेयोबद्दल मात्र मला बाईंना सूट द्यायची नाही, आणि इथे मी पूर्वपक्षापेक्षा कडक आहे. त्यांच्यावर देशद्रोहाचा शिक्का मारणे सोपे. वकील म्हणून त्यांनी केलेली चूक दाखवणे जास्त गंभीर. त्यांच्यापाशी पुरावा होता तो पूर्व हिंदुस्थानातल्या श्रीमंत, गोषातल्या, कज्जेखोर घरांचा. निफाडच्या मळ्यात कांदा लावणारी बाई, सटाण्याच्या बाजारात डोक्यावर पाटी घेऊन बसणारी बाई त्यांच्या दप्तरात कुठेच नव्हती. तिला पडदा नाही, दिवाण नाही, आणि तिची दुःखे वेगळ्याच जातीची. काही शे घरांच्या साक्षीवरून कोट्यवधी स्त्रियांबद्दल, आणि त्यावरून एका देशाच्या स्वराज्याच्या लायकीबद्दल अनुमान काढणे कुठल्याही न्यायाधीशाने फेटाळले असते. बाईंना हे कळायला हवे होते. त्याची किंमत त्यांच्या कामानेच चुकवली: बंगालातल्या त्यांच्या समाजसेवेच्या योजनांना जो पाठिंबा हवा होता तो या प्रकरणानंतर आटला. न्यायाने लिहायचे तर 1904 ते 1922 ची जमा आणि 1927 ची ही उधारी एकाच पानावर दिसली पाहिजे. एकीने दुसरी खोडता येत नाही.

हे सगळे आज काढण्याला एक निमित्त आहे. 3 ऑक्टोबर 2025 रोजी कँटरबरीच्या आर्चबिशपपदी सारा मुल्लाली यांची निवड जाहीर झाली. त्या जागेवर आलेल्या एकशे सहाव्या व्यक्ती, आणि स्त्री म्हणून पहिल्या. 1929 साली नाशिकला अँग्लिकन बिशपांचे पीठ स्थापन झाले, आणि 1970 साली नागपुरात जन्मलेले चर्च ऑफ नॉर्थ इंडिया आजही त्या अँग्लिकन कुटुंबात आहे, म्हणून शरणपूर रोडवरच्या ख्रिस्ती घरांना ही बातमी दूरदेशीची नव्हती. दक्षिणेकडच्या भगिनी-चर्चने तर 2013 मध्येच ई. पुष्पा ललिता यांना नंद्यालच्या बिशप केले होते. मुल्लालीबाईंबद्दल जे लिहिले गेले ते पुन्हा त्याच दोन साच्यांतले. एका साच्यात ‘पहिली महिला’. दुसऱ्या साच्यात, स्त्रीला हे पद मान्यच नाही अशा गॅफकॉनसारख्या गटांचा त्याच दिवशीचा निषेध.

दोन्हींमधून निसटते ते काम. 1999 साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, ही बाई इंग्लंडच्या मुख्य शुश्रूषा अधिकारी होती. पुढे पौरोहित्याची दीक्षा, 2015 मध्ये क्रेडिटनचे बिशपपद, 2018 मध्ये लंडनचे. आधीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी पायउतार झाले ते जॉन स्माइथ या इसमाने मुलांवर केलेल्या अत्याचारांच्या प्रकरणात चर्चने केलेल्या हयगयीमुळे. तेव्हा मुल्लालीबाईंना पहिला प्रश्न विचारायचा तो हा: पीडितांच्या तक्रारी तुमच्या हाताखाली कशा हाताळल्या गेल्या? हा प्रश्न पुरुष आर्चबिशपला विचारला जातो, बाईलाही विचारलाच पाहिजे. पुष्पगुच्छ देऊन तो टाळायचा नसतो. शिवाय पदाला किती अधिकार आहे हे ठाऊक असावे लागते. कँटरबरीचा आर्चबिशप म्हणजे पोप नव्हे. नायजेरियाच्या किंवा आपल्या चर्चला तो आदेश देऊ शकत नाही. जे करण्याचा अधिकारच नाही ते न केल्याचा ठपका ठेवणे आणि जे केलेले नाही त्याचे श्रेय देणे, दोन्ही सारखेच चूक. कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या एका सल्लागार बाईकडून साम्राज्य उलथण्याची अपेक्षा करणारे नेमके हेच विसरतात.

पूर्वपक्षाचा एक शेवटचा युक्तिवाद उरतो: बाई नाशिकला जन्मल्या एवढेच, पुढचे आयुष्य दुसरीकडे गेले, मग नाशिकने का लिहावे? याला नाशिकनेच उत्तर देऊन ठेवले आहे. जॅक्सन इथला नव्हता, राज्यकर्ता होता, आणि कान्हेऱ्यांच्या हौतात्म्याचा आपल्याला अभिमान आहे. तरीही जॅक्सनविषयी लिहिताना त्याच्या संस्कृतच्या व्यासंगाचा, लोक त्याला ‘पंडित जॅक्सन’ म्हणत याचा उल्लेख टाळलेला मी फारसा पाहिलेला नाही. हौतात्म्य त्याने कमी होत नाही, आणि व्यासंगाने जॅक्सनची सत्ता धुतली जात नाही. एका इंग्रज कलेक्टरला आपण दिलेली ही दोन वाक्ये नाशिकच्या लेकीलाही द्यावीत: पहिले बंगालच्या जनान्यांबद्दल, दुसरे मेयोबद्दल.