लिटलफील्ड कारंजे : एका स्मारकाचे दोन अर्थ

ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात दक्षिणेकडून शिरताना आधी कारंजे लागते. जहाजाच्या अग्रभागी उभी पंखधारी कोलंबिया, पुढ्यात पाण्यातून उसळणारे घोडे. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचे हे स्मारक १९३३ साली उभे राहिले. मात्र त्याला नाव आहे ते देणगीदार जॉर्ज लिटलफील्ड यांचे, आणि माझ्या मते खरा इतिहास इथूनच सुरू होतो.

लिटलफील्ड हे गुरांच्या व्यापारात आणि बँकेत पैसा कमावलेले गृहस्थ. यादवी युद्धात ते गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणी राज्यांकडून लढले होते. त्या बाजूच्या वीरांची भव्य कमान विद्यापीठाच्या दारात उभारावी, ही त्यांची इच्छा. इटलीत जन्मलेले शिल्पकार पॉम्पेओ कोप्पिनी यांनी त्यांना सावध केले, की पुढच्या पिढ्यांना असे स्मारक वैर जागवणारे वाटेल. त्यांनी तोड काढली: महायुद्धात उत्तर-दक्षिण पुन्हा एक झाले, हे कारंज्यातून दाखवायचे. दक्षिणेचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस आणि महायुद्धकाळातले राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांना त्या रचनेत शेजारी स्थान होते.

१९२० मध्ये लिटलफील्ड वारले. पुढे वास्तुरचनाकार पॉल क्रे यांनी सहाही पुतळे कारंज्यापासून दूर, हिरवळीच्या कडेने विखरून ठेवले. जुळणी मोडली, तसा समेटाचा अर्थही हरवला. उरले दक्षिणेचे सेनानी, आणि कारंज्याजवळच्या भिंतीवर त्यांच्या बाजूचा गौरव करणारा लेख.

२०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमधील हत्याकांडानंतर डेव्हिस आणि विल्सन यांचे पुतळे हलले. २०१६ मध्ये भिंतीवरचा लेख उतरला. ऑगस्ट २०१७ मध्ये शार्लट्सव्हिलच्या हिंसाचारानंतर उरलेले चारही पुतळे एका रात्रीत काढले गेले. डेव्हिस आता विद्यापीठाच्याच इतिहास-संग्रहालयात आहेत. तिथे पुतळ्याबरोबर त्याची हकिकतही वाचायला मिळते.

कारंजे मात्र जागेवरच आहे. पुतळे हलवणे मला योग्य वाटते; गुलामगिरीसाठी लढलेल्यांच्या नजरेखालून कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी रोज वर्गात का जावे? पण लेख उतरल्यावर ती भिंत गप्प झाली. कारंजे कोणाच्या पैशाने आणि कोणत्या हेतूने उभे राहिले, हे पाण्याकडे बघून कळत नाही. संग्रहालयात डेव्हिसना लाभली तेवढी चार वाक्ये कारंज्यापाशीही हवीत. महायुद्धात गेलेल्या त्या तरुणांचेही एवढे देणे लागते. त्यांच्या स्मरणाआड दुसऱ्याचाच हेतू दडवला गेला होता.